जनतेची गरज मोजावी कशी?

आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगूबरोबरच मराठी, गोंडी व उर्दू या भाषाही बोलल्या जातात. येथील ‘मी सेवा’ केंद्रांच्या नावातील ‘मी’चा तेलुगूत अर्थ ‘तुमची’ असा आहे. संयुक्त आंध्र प्रदेशात २०११ साली सुरू झालेल्या या केंद्रांतून विविध दाखले संगणकाद्वारे दिले जातात. किती दाखले दिले, हे त्यावरून अचूक कळते. परंतु किती नागरिक रिकाम्या हाताने परतले, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

हा फरक तेलंगणातील ‘प्रजापालन’ कार्यक्रमात स्पष्ट झाला. २८ डिसेंबर २०२३ ते ६ जानेवारी २०२४ या काळात गावोगावी अर्ज स्वीकारण्यात आले. छापील नमुना पाच योजना-हमींपुरता होता. त्यांसाठी राज्यभरातून सुमारे १ कोटी ६ लाख अर्ज आले. त्याखेरीज शिधापत्रिका, जमीन आदी अन्य मागण्यांचे अर्ज सुमारे २० लाख होते. ते स्वीकारलेच नसते, तर या गरजा कागदावर कधीच आल्या नसत्या.

म्हणून संगणकीय सेवांविषयी जनमत अजमावताना नागरिकाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारावेत. ठरीव प्रश्नांखाली ‘आणखी काय हवे?’ यासाठी जागा ठेवावी. जो केंद्रावर आलाच नाही, त्याच्या घरी जाऊन कारण जाणून घ्यावे. लिहिता न येणाऱ्यांचे म्हणणे नोंदविण्यास गावातील शिक्षकांचे साहाय्य घेता येईल. निष्कर्ष व त्यावरील कार्यवाही ग्रामसभेत वाचून दाखविल्यास पुढील वेळी लोक अधिक मोकळेपणाने बोलतील.