कंबर दुखते, झोप उडते, मन खचते : तिन्ही दुखणी एकत्र पाहू या

पनवेलहून पहाटेची लोकल पकडणारा मुलगा असो की सजद्यातून उठताना गुडघा धरणारी अम्मी, कंबर-मान-गुडघ्याचं दुखणं आपल्या घराघरात आहे. आपण बाम चोळतो, गोळी घेतो आणि कामाला लागतो. पण दुखणं ३ महिन्यांहून जास्त टिकलं तर ती जुनाट वेदना. तिचा परिणाम झोपेवर आणि मनावरही होतो.

रात्री कूस बदलताना कळ येते, झोप मोडते. झोप अपुरी राहिली की मेंदूची वेदना आवरण्याची ताकद घटते. तेच दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतं. चिडचिड, काळजी, उदासी वाढते. माणूस हालचाल टाळतो, स्नायू आखडतात आणि रात्री पुन्हा झोप येत नाही. हे नाटक नाही, इमानाची कमजोरी तर नाहीच.

म्हणून डॉक्टरांना कंबरेबरोबर झोप आणि मनाबद्दलही सांगा. कधी ते उदासीवरचं औषध देतात, कारण त्यातली काही औषधं वेदनेवरही काम करतात. त्याचा अर्थ वेड लागलं असा नाही. रोज झेपेल तेवढं चालणं, ठरलेल्या वेळी झोपणं, इशानंतर मोबाइल बाजूला ठेवणं, यानेही फरक पडतो. सजदा जमत नसेल तर बसून, इशाऱ्याने नमाज अदा करण्याची शरियतमध्ये सवलत आहे. त्यात कमीपणा मानू नये. पाय बधिर पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठा.

मन फारच खचलं तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून, मोफत बोलता येतं. घरात कुणी 'झोप लागत नाही' म्हणालं, तर आधी त्याचं ऐकून घेऊ या.