जुन्या लष्करी रायफलीचें काय करावें?

बारवी धरणाच्या पाण्यावर आज जीं शहरें जगतात, त्यांपैकीं उल्हासनगर हें मुळांत एका लष्करी छावणींत वसलेलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ ही छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला, आणि इ. स. १९४९ मध्यें त्या वसाहतीस आजचें नांव लाभलें. शहर वाढलें, तरी ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहींत. शेजारच्या अंबरनाथला इ. स. १९५३ मध्यें सरकारी ऑर्डनन्स कारखाना निघाला. अशा मुलखांतील एखाद्या घरीं आजोबांच्या परवान्यावरची जुनी लष्करी रायफल कपाटांतून निघाली, कीं नातवंडांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “हिला घासूनपुसून नवी कोरी करूं या.” दुसरा म्हणतो, “रायफल ती बार काढण्याकरितां. चालते तोंवर चालवूं या.” दोघांचेंहि प्रेम खरें, परंतु दोघांनींहि प्रश्न अर्धाच विचारलेला असतो.

आपल्याकडे अशी रायफल म्हणजे बहुधा ली-एन्फील्ड. इ. स. १९०७ मध्यें तिचा ‘मार्क तीन’ हा नमुना ठरला, आणि बंगालमधील इच्छापूरच्या कारखान्यांत ती हिंदुस्थानांतच तयार होऊं लागली. वजन सुमारें चार किलो, नळीची लांबी पंचवीस इंचांहून किंचित् अधिक, पोटांत दहा काडतुसें, आणि नळीचा व्यास इंचाचा .३०३ इतका. लोक तिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात तें यावरून. दोन्ही महायुद्धांत हिंदी पलटणींच्या खांद्यावर हीच होती. पुढें ती पोलिसांच्या हातीं गेली आणि अनेक दशकें तेथेंच राहिली.

निर्णयाच्या आधीं कायदा पाहिला पाहिजे, कारण येथें हौसेला मोकळें रान नाहीं. इ. स. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवानेदार मृत्यु पावला, तर शस्त्र विनाविलंब पोलिस ठाण्यांत अगर परवानेदार विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. वारसानें परवाना मागावयाचा तो त्यानंतर. त्यांतहि .३०३ हा निषिद्ध बोअर मानला जातो, आणि त्याच्या परवान्याचा विषय थेट केंद्र सरकारच्या गृहखात्याकडे जातो. घरच्या घरीं फाइल व हातोडी घेऊन दुरुस्ती करणें हाहि गुन्हाच. तें काम परवानेदार कारागिराचें. याच अधिनियमांत एक सूक्ष्म भेद आहे, तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जें शस्त्र जुनाट घडणीचें, पुराणवस्तूच्या मोलाचें अगर मोडकें असून दुरुस्त करूनहि चालूं शकणार नाहीं, त्याला सूट आहे. उलट, गंजलेली पण दुरुस्त होऊं शकणारी रायफल कायद्याच्या दृष्टीनें शस्त्रच राहते. ती कोणत्या वर्गांत बसते हें ठरविण्याचा अधिकार घरच्या मंडळींचा नव्हे.

परवाना हातीं आहे असें धरून चालूं. आतां पहिल्या नातवाचें म्हणणें तपासावें.

जुन्या रायफलीचें मोल तिच्या चकाकींत नसून तिच्या खुणांत असतें. बोल्टच्या मुठीमागें एक क्रमांक कोरलेला असतो, तोच क्रमांक मुख्य सांगाड्यावर असतो. नळी, नळीपुढील टोपण आणि निशाणाची पट्टी यांवरहि तो पुष्कळदां सांपडतो. हे सारे आंकडे जुळले, तर ती रायफल कारखान्यांतून निघाली तशीच एकसंध राहिली आहे, असा तिचा पुरावा. राजमुकुटाची खूण, इच्छापूरचीं अक्षरें, तपासनिसांचे बारीक शिक्के, दुरुस्तीचीं सालें — हें सर्व लोखंडावर व लांकडावर लिहिलेलें तिचें चरित्र होय. पॉलिशच्या चाकावर दहा मिनिटें धरली, कीं हें चरित्र पुसून जातें. लांकडाला सॅंडपेपर लावला, तर दस्त्यावरचे शिक्के आधीं जातात. पितळी समया उजळविणाऱ्या हाताला लोखंडहि उजळविण्याची हौस सुटते. पण समई पुन्हां काळवंडते, झिजलेला शिक्का पुन्हां उमटत नाहीं.

कांहीं इच्छापुरी रायफलींच्या पुढच्या लांकडाला तारेचे घट्ट वेढे दिलेले असतात. हें लांकूड फुटल्यामुळें कोणी केलेलें ठिगळ असावें, अशा समजुतीनें लोक ती तार सोडवून टाकतात. वास्तविक ती रायफल नळीच्या तोंडाशीं पेला बसवून ग्रेनेड फेंकण्याकरितां मजबूत केलेली असते. तार काढणारा तिला सुधारीत नाहीं; तिच्या आयुष्यांतील एक प्रकरण फाडून टाकतो. तेव्हां जिचे क्रमांक जुळतात, जिचें लांकूड मूळचें आहे, तिच्या बाबतींत गंज थांबविणें, जवसाच्या तेलाचा पातळ हात लांकडाला देणें आणि येथेंच थांबणें हें उत्तम. मात्र जी पूर्वींच कोणीतरी कापली, शिकारी घाटाची केली, नवा रंग चढवून विकली, तिच्यांत राखण्यासारखें फारसें उरलेलें नसतें. ती नीट दुरुस्त करून वापरण्यांत कोणतेंहि पाप नाहीं.

आतां दुसरा नातू. बार काढावयाचा, तर प्रेमाची नव्हे, मापाची साक्ष लागते. .३०३ च्या काडतुसाच्या बुडाला कड असते. ती नळीच्या मागल्या तोंडाशीं टेकते, आणि तिच्यामागें बोल्टचा माथा येतो. त्या दोहोंमधील जागा लष्करी मापाप्रमाणें इंचाच्या हजार भागांपैकीं ६४ हून कमी अगर ७४ हून अधिक असतां कामा नये. जागा वाढली, कीं बार होतांना काडतुसाचें पितळ मागें ताणलें जाऊन तुटूं शकतें, आणि तापलेला वायु डोळ्यांकडे येऊं शकतो. ली-एन्फील्डच्या बोल्टचे आंकडे मागल्या बाजूस असल्यामुळें ही काळजी तेथें अधिकच. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसविलेला असेल, तर डोळ्याला सर्व ठीक दिसलें तरी गेजाशिवाय विश्वास ठेवूं नये. तें गेज शस्त्रकारागिराजवळ असतें.

कवायतीच्या कित्येक रायफलींवर ‘डी. पी.’ हीं अक्षरें असतात. अर्थ ‘केवळ ड्रिलकरितां’. बार काढण्यास अयोग्य ठरल्यावरच तीं उमटविलीं जातात. अशी रायफल कितीहि देखणी असो, तिच्यांत काडतूस भरणें म्हणजे आत्मघातच.

काडतुसांचाहि विचार हवा. बुडावर ‘के. एफ.’ अक्षरें दिसलीं, तर तें काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचें. तो कारखाना इ. स. १८६९ चा. अक्षरांजवळ साल असतें, तें वाचावें. जुनीं काडतुसें कधीं पेटत नाहींत, कधीं चाप ओढल्यावर क्षणभर थांबून मग उडतात. म्हणून बार न झाल्यास नळी निर्धोक दिशेला धरून अर्धा मिनिट तरी थांबावें, आणि मगच बोल्ट उघडावा. जुन्या काडतुसांच्या टोपींत क्लोरेट असे. तें जळल्यावर नळींत एक क्षार उरतो, आणि तो मिठासारखा हवेंतली ओल ओढून घेतो. तेलानें तो विरघळत नाहीं, पाण्यानें विरघळतो. म्हणूनच सैनिक आधीं नळींतून कढत पाणी ओतीत, मग पुलथ्रूला कापड बांधून ती कोरडी करीत, आणि शेवटीं तेल देत. आषाढांत बदलापूरच्या बाजूला भिंतींना ओल येते. तेथें या क्रमांत एक दिवसाचा आळस झाला, तरी नळींतील चरांना गंज धरतो.

खुद्द सरकारलाहि हा प्रश्न सुटला नव्हता. इ. स. २००८ मध्यें मुंबईवर हल्ला झाला, तेव्हां पुष्कळ पोलिसांच्या हातीं हीच .३०३ होती. दोष रायफलीचा नव्हता. स्वयंचलित शस्त्रांशीं सामना करण्याचें ओझें तिच्यावर टाकणें ही चूक होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तर इ. स. २०२० च्या प्रजासत्ताक दिनीं तिला समारंभपूर्वक निरोप दिला.

नेम धरण्याचीच आवड असेल, तर त्याकरितां आजोबांची रायफल हवी असें नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसळे यानें इ. स. २०२४ मध्यें पॅरिसला कांस्यपदक मिळविलें, तें .२२ च्या रायफलीनें. बारवीच्या रानांत जाऊन दोन बार काढण्याची कल्पना तर मनांतहि आणूं नये, इ. स. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमानंतर शिकारीचे दिवस संपले, आणि बार काढण्याची जागा म्हणजे मान्यताप्राप्त रेंज.

क्रमांक जुळणाऱ्या रायफलीच्या मालकानें कारागिराकडून एकदां माप घेवून ठेवावें, रेंजवर वर्षाकांठीं चार-दोन बार काढले तर काढावे, आणि माप चुकलें असेल तर नवे भाग घालून तिला जबरदस्तीनें जागें करूं नये. कॅन्व्हसच्या अगर चामड्याच्या पिशवींत ती पावसाळाभर कोंडून ठेवूं नये. पिशवी ओल धरते. बोल्ट काढून निराळा कुलुपांत ठेवावा, बोटांचे डाग कापडानें पुसावे, आणि भाद्रपद सरेपर्यंत आठवड्यांतून एकदां नळी दिव्यासमोर धरून आंत पाहावें.