माळावरची जाळरेषा

सोलापुरातली ट्रेकची हौशी पोरं शुक्रवारी रात्री पुण्याकडची गाडी धरतात. राजगड, हरिश्चंद्रगड, फारच लांबचा बेत असला तर थेट मुरूडजवळचं फणसाड, जिथं जंगलात चालताना समुद्राचा वारा लागतो. बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे, तिथंही पायी हिंडण्यासारखं अभयारण्य आहे, असं सांगितलं तर पहिला प्रश्न ठरलेला: तिथं बघायला काय आहे? प्रश्न अगदीच गैर नाही. चढ नाही, धबधबा नाही, फोटोला उभं राहायला कडा नाही. गुडघाभर पिवळं गवत, मधूनच एखादी हिवर नाहीतर बाभूळ, आणि बाकी सगळं आभाळ.

इथं हिंडायचं ते वन विभागाच्या परवानगीनं, वनरक्षकाच्या मागोमाग. तो ज्या वाटेनं नेतो ती कुणा पर्यटकासाठी आखलेली नसते. ती जाळरेषा असते.

पाऊस सरला, गवत पिवळं पडलं, की हिवाळ्यात जाळरेषांचं काम निघतं. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्याआधी रेषा तयार पाहिजेत. वनमजूर ओळीनं बसून विळ्यानं पट्टा कापत पुढं सरकतात. कापलेलं गवत तिथंच वाळू देतात आणि मग वारा पडलेली वेळ बघून, भल्या पहाटे किंवा दिवस मावळताना, पट्टा पेटवतात. पेटवणं सोपं असतं, कस लागतो तो आग पट्ट्याच्या आत ठेवायला. दोन्ही कडांना माणसं कडुनिंबाचे ओले डहाळे घेऊन उभी असतात. ज्वाळेची जीभ बाहेर आली की झोडपून जिथल्या तिथं विझवायची. आग वाऱ्याच्या उलट्या दिशेनं चालवतात, म्हणजे ती रांगत जाते, धावत नाही. वारा फिरला तर मात्र सगळ्यांची पळापळ. माळावरचं वाळलेलं गवत पेटलं की माणसाच्या पळण्यापेक्षा आगीचं पळणं जोरात असतं, आणि विडीचं एक थोटूकही त्याला पुरतं.

जळून गेलेला हा काळा पट्टा वणवा अडवतो, हे त्याचं सरकारी काम. पण त्याचे फायदे उचलणारे इतरही बरेच. जमिनीत थोडी ओल असली की राखेतून कोवळे कोंब फुटतात आणि त्यांच्यासाठी काळवीट येतात. उघड्या जमिनीवर किडे टिपायला धाविक येतो. चार पावलं तुरुतुरु पळायचं, थबकायचं, वाकून चोच मारायची, पुन्हा पळायचं. मातीच्याच रंगाचा असल्यामुळे तो थांबला की दिसेनासा होतो. आणि पट्ट्यावर बारीक धूळ साचली की रात्री कोण कोण येऊन गेलं त्याची हजेरी आयतीच लागते. वनरक्षक सकाळी निघतो तो ती हजेरी वाचत.

कुत्र्याचा माग आणि लांडग्याचा माग पहिल्या नजरेला सारखाच. वनरक्षक एका ठशावर ठरवत नाही, ओळ बघतो. कुत्रं हुंगत, रेंगाळत, इकडून तिकडं जातं. लांडग्याची पावलं दोरी धरल्यासारखी सरळ पडत जातात आणि ठसाही लांबट असतो. दोन वाटा मिळतात तिथं त्याची विष्ठा हमखास असते. जुनी झालेली, पांढरट, आत केसांच्या गुंतवळ्या. काडीनं उकलून पाहिलं की काळवीट खाल्लं का मेंढरू, याचा अंदाज येतो. या तपासात वनरक्षकाला शास्त्राइतकाच व्यवहारही दिसत असतो, कारण मेंढरू असेल तर धनगराचा नुकसानभरपाईचा अर्ज येणार. थोड्या अंतरावर खोकडाची विष्ठा, आणि तीत बोराच्या बिया. काळविटाचा नर आपली हद्द लेंड्यांच्या ढिगांनी राखतो. रोज त्याच जागी येऊन भर घालतो. नवख्याला हे सगळं घाणीचं प्रदर्शन वाटेल. पण डोंगरात माणूस वर बघत चालतो आणि माळावर खाली, हे एकदा पटलं की मग किलोमीटरभर जायलाही तास अपुरा पडतो.

चालण्याचीही इथं एक रीत आहे. जीप किंवा बैलगाडी दिसली तर काळवीट मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. पायी माणूस दिसला की मात्र आधी माद्या उसळतात, मग अख्खा कळप. म्हणून कळपाकडं तोंड करून सरळ जायचं नाही; आपण दुसरीकडंच चाललोय असं दाखवत तिरकं जायचं, मध्ये थांबायचं, रोखून बघायचं नाही. भडक शर्ट घालून मोठ्यानं गप्पा मारणाऱ्यांना नान्नजचा माळ रिकामाच दिसतो. पुणे वन विभागानं इंदापूर-बारामती भागात कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली तीही गाडीतून, आणि ते शहाणपणाचंच आहे. पण गाडीतून कुसळं कळत नाहीत.

कुसळी गवताचं बी म्हणजे टोकदार सुई, आणि तिच्यामागं पिळाचं लांब शेपूट. दव पडलं, ऊन लागलं, की ओलीप्रमाणे तो पीळ सुटतो आणि पुन्हा बसतो. या फिरण्यातून बी स्वतःच जमिनीत शिरतं. जमीन नसेल तर मोजा चालतो. पहिल्या अर्ध्या तासातच चालणाऱ्यांच्या पायांना कुसळांची झालर लागते आणि वाकून वाकून एकेक उपसायला लागते. मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडातही ती रुततात, म्हणून धनगर कुसळं धरायच्या आतच गवत चारून घ्यायला बघतो. शेळ्या-मेंढ्यांना पवन्या आणि मारवेल आवडतं. ते फार चरलं गेलं की त्याची जागा कुसळी घेते. वाटेच्या कोणत्या बाजूला कोणतं गवत आहे यावरून चराई कुठवर येते ते सांगता येतं.

हे सगळं राखलं गेलं ते एका पक्ष्यापायी. सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात नान्नजचे माळढोक अभ्यासकांच्या नजरेस आणले. मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत वजनाचा नर, उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी यांनी इथं अभ्यास केला. मात्र अभयारण्याची हद्द आखली गेली ८,४९६ चौरस किलोमीटरची! सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं त्यात आली, जमिनीचे व्यवहार अडले, आणि पक्ष्याचं नाव शेतकऱ्याला शिवीसारखं वाटू लागलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. प्रत्यक्ष गवताचा माळ त्यातही तुकड्यातुकड्यांत. नान्नज म्हणजे सोनाका द्राक्षाचं गाव, नानासाहेब काळे यांनी ते वाण इथंच काढलं. पाणी आलं तशा बागा माळाला येऊन भिडल्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे चटकन वळताही येत नाही, म्हणून विजेच्या तारा त्याचा घात करतात. आता देशात हे पक्षी दीडशेही उरले नसावेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

तरी वाट राखायचं काम थांबलेलं नाही, आणि थांबू नये. काळवीट आहेत, लांडगे आहेत. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात; दिवसभर गवतावरून तरंगत शिकार करतात आणि रात्री झाडावर न जाता गवतातच जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवून पिलांसाठी पाणी नेतो. या सगळ्यांना झाडं नकोत, मोकळा माळ हवा. पण आपल्याकडं उजाड दिसलं की रोप लावल्याशिवाय कुणाला राहवत नाही. माळावर पूर्वी लावलेल्या गिरिपुष्पाची दाटी झाली, नजर अडली, खालचं गवत गेलं. ते काढायचं म्हटलं तर ‘वन विभागच झाडं तोडतो’ अशी ओरड व्हायची भीती. पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या, मुरमाड, पातळ मातीच्या या जमिनीत गवत हेच जंगल आहे, ही गोष्ट वृक्षारोपणाच्या फलकावर बसणारी नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की वाटेचा शेवट पाणवठ्यावर होतो. टँकरनं भरलेल्या सिमेंटच्या बशीसारख्या टाकीभोवती चिखलात मागांची गर्दी असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर आणि लपणात बसून प्राणी मोजायचे ते अशाच जागी.

जूनमध्ये पहिले पाऊस झाले की जाळरेषा हिरवी होते आणि चालणं आखडतं. टिटवी, चंडोल, धाविक सगळ्यांची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची. माळढोकाची मादी तर वर्षाला एकच अंडं घालते, तेही गवतात थेट मातीवर. गस्त तेव्हाही असते, पण वनरक्षक कडेकडेनं, दोन पावलांपुढची जमीन बघत जातो आणि पाहुण्यांना शक्यतो आत नेत नाही. ऑक्टोबरअखेरपर्यंत वाट गवतात पार बुजून जाते. मग कुणाच्या विळ्याला धार आहे, यंदा मजूर किती मिळतील आणि द्राक्षबागेत छाटणीला जास्त पैसे मिळत असताना ते इकडं कशाला येतील, यावर बोलणी सुरू होतात.