वाढदिवस एक दिवस आधी का दिसला?

गेल्या आठवड्यात न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन आला. घरच्यांसाठी मी बनवलेल्या वाढदिवसांच्या यादीत तिच्या मुलीची तारीख १५ जूनऐवजी १४ जून दिसत होती. इथे पुण्यात मात्र बरोबर!

कारण असं. जावास्क्रिप्टच्या 'डेट'ला '२०१९-०६-१५' एवढंच दिलं, की ते यूटीसीची मध्यरात्र धरतं. तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच, म्हणजे तारीख तीच. न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे आठ.

खरी अडचण रचनेत आहे. वाढदिवस हा काळातला क्षण नाही, ती कॅलेंडरवरची तारीख आहे. 'डेट' मात्र फक्त क्षण साठवतं : १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद.

१९९५ साली जावास्क्रिप्ट घाईत तयार झाली आणि ही रचना जावाकडून उचलली गेली. महिने शून्यापासून मोजणंही तिथलंच. त्यामुळे जानेवारी ०, डिसेंबर ११. (यात मी कितीदा तरी चुकलोय.) जावाने २०१४ मध्ये, जावा ८ सोबत, सगळं नव्याने मांडलं.

जावास्क्रिप्टमध्ये आता 'टेम्पोरल' येतंय. त्यात नुसत्या तारखेला 'प्लेनडेट', क्षणाला 'इन्स्टंट', टाइमझोनसह वेळेला 'झोन्डडेटटाइम'. महिनेही १ पासून! प्रत्येक गोष्टीला वेगळा प्रकार, हेच मला सगळ्यात पटतं.

तोवर वाढदिवस साध्या मजकुरासारखा साठवा, 'डेट'मध्ये घालू नका. तुमचीही तारीख अशी सरकत असेल तर जरूर विचारा, मिळून शोधू.