मुले सांभाळण्याची तालीम

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघतो. सायन्सचा खर्च परवडत नाही, चांगले कॉलेज लांब पडते, मग "बारावीपर्यंत काहीतरी करू दे" असे म्हणून कुठला तरी फॉर्म भरला जातो. याच मुलीने गेली सहा-सात वर्षे धाकट्या भावंडांना न्हाऊ-माखू घातलेले असते. खालाचे तान्हे बाळ खांद्यावर टाकून झोपवलेले असते. अम्मी आजारी पडली तर घरातल्या लहानग्यांचे खाणे-पिणे, रडणे-रुसणे तिनेच निभावलेले असते. हे काम कुणी मोजत नाही. विचारले तर उत्तर मिळते, "ती काय, घरीच तर असते."

या न मोजलेल्या कामाला शाळा-कॉलेजातच रीतसर तालीम देता येते आणि त्यातून हाताला हुनर मिळू शकतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या व्यवसाय शिक्षणात पाळणाघर व पूर्वप्राथमिक शाळा चालवण्याचा, तसेच बालक, वृद्ध आणि आरोग्य सेवेचा अभ्यासक्रम काही कनिष्ठ महाविद्यालयांत राहिला आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीतही बालसंगोपन आणि पूर्वप्राथमिक शिक्षण हा कौशल्य विषय आहे. मोहल्ल्यातल्या किती घरांनी फॉर्म भरण्याआधी त्याची चौकशी केली असेल?

हात तेच, नजर वेगळी

"मुले सांभाळायला काय शिकायचे? ते तर आम्हाला जन्मजात येते," असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात तथ्य आहे. बाळ कसे उचलावे, कसे थोपटावे, ताप आला की रात्र कशी काढावी हे आमच्या दादी-नानींनी कुठल्या वर्गात बसून शिकले नव्हते. पण आपल्या एका बाळाला सांभाळणे आणि दुसऱ्यांची दहा-पंधरा मुले विश्वासाने सांभाळणे यांत फरक आहे. दुसऱ्याचे मूल ही अमानत असते. तिथे माया लागतेच, पण नुसत्या मायेवर भागत नाही.

म्हणून अशा तालमीत पहिला धडा असतो तो पाहण्याचा. विद्यार्थिनीला वही-पेन्सिल देऊन बालवाडीच्या एका कोपऱ्यात बसवतात आणि एकाच मुलाकडे पंधरा-वीस मिनिटे लक्ष ठेवायला सांगतात. "मुलगा हट्टी आहे" असे लिहायचे नाही. "त्याने तीन वेळा ठोकळा मागितला, चौथ्यांदा हिसकावला, मग रडला" असे लिहायचे. पहिल्या वाक्यात आपले मत आहे आणि दुसऱ्यात मूल आहे. ही सवय लागली की मुलगी घरातल्या भावंडाकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागते. जो "मस्तीखोर" वाटत होता त्याला कदाचित ऐकू कमी येत असेल, जी "आळशी" वाटत होती तिच्या अंगात कदाचित रक्त कमी असेल.

दुसरा धडा वयाचा. बाळ साधारण कधी आधाराशिवाय बसते, कधी पहिला शब्द बोलते, कधी पावले टाकते, आणि किती उशीर झाला तर डॉक्टरांना दाखवावे. दोन वर्षांच्या मुलाकडून खेळणी वाटून घेण्याची अपेक्षा धरणे फोल आहे, हे कळले की त्याला मारणेही आपोआप कमी होते.

तिसरा धडा आरोग्याचा, आणि इथे चुकायला जागा नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजतात. तो 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण असते आणि मुलाला लगेच उपचार लागतात. जुलाब लागले तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण घालायचे, अंदाजाने अर्धे-पाव नाही. वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकून श्वास कोंडला तर त्याला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीवर पाच दाब द्यायचे. हे वाचून येत नाही, बाहुलीवर पुन्हा पुन्हा करून हात बसवावा लागतो. शेंगदाणा, फुटाणा, अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या हातात का देऊ नये, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

अशी शिकलेली मुलगी घरी आली की थोडी खटपट होते. तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, त्यातून एक दुर्मीळ पण जिवावरचा आजार होऊ शकतो, असे डॉक्टर सांगतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. डोळ्यांत घालायच्या काही सुरम्यांत शिसे असते आणि ते लहान मुलाच्या मेंदूला घातक असते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीने हे दादीला सांगायचे म्हणजे सोपे नाही. पण कॉलेजच्या वहीत लिहिलेले तिने अदबीने वाचून दाखवले, तर "डॉक्टरने सांगितले" इतकाच मान त्यालाही मिळू शकतो.

कोसबाडने काय शिकवले

मोठ्या बहिणीच्या कडेवरचे मूल आणि तिची सुटलेली शाळा यांचा संबंध महाराष्ट्राने फार आधी ओळखला होता. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला, आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथली. मोठी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, कारण घरी धाकटे भावंड सांभाळायचे असे. म्हणून कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. भावंडाला घेऊन या, ते पाळणाघरात राहील, तुम्ही वर्गात बसा.

पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. कोसबाडचा धडा मात्र आपल्या मोहल्ल्यांत अजून पुरता पोचलेला नाही. धाकट्यासाठी मोठीची शाळा सुटणे आजही घडते. म्हणून स्पष्ट सांगतो: बालसंगोपनाची तालीम म्हणजे मुलीला घरी बसवून मुले राखायला लावण्याचे नवे निमित्त नव्हे. ही तालीम शाळेच्या आत, शिक्षणाचा भाग म्हणून झाली तरच तिला अर्थ आहे.

विद्यार्थिनी राहूनच अनुभव

अमेरिकेत यासाठी एक पद्धत आहे. तिथल्या काही हायस्कुलांच्या आवारातच लहान मुलांची शाळा चालते, आणि शेवटच्या दोन वर्षांतले विद्यार्थी शिक्षिकेच्या देखरेखीखाली तिथे मदतनीस म्हणून काम शिकतात. ठरलेला अभ्यासक्रम घेणाऱ्यांना शाळेत असतानाच चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट या प्रमाणपत्रासाठी तयारी करता येते. त्यासाठी 120 तासांचे शिक्षण आणि 480 तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, शिवाय परीक्षा द्यावी लागते आणि मुलांमध्ये काम करताना परीक्षक येऊन पाहतो. वर्गातल्या एका तासामागे मुलांसोबत चार तास, असा हा हिशेब आहे.

आपल्याकडचे अभ्यासक्रम अनेकदा अडतात ते नेमके इथे. पुस्तक संपते, तक्ते-खेळणी बनवून भिंतीवर लागतात, पण विद्यार्थिनीने प्रत्यक्ष बाळ हातात घेतलेले नसते. किंवा उलट होते. तिला बालवाडीत पाठवतात आणि झाडलोट, भांडी, चहा एवढेच तिच्या वाट्याला येते. मदतनीसाला स्वच्छता करावीच लागते, त्यात कमीपणा नाही. पण तेवढेच करून घेतले तर ती तालीम नव्हे, फुकटची मजुरी आहे. आणि एक नियम कधीही मोडू नये: शिकणाऱ्या मुलीला मुलांसोबत एकटे सोडायचे नाही. जबाबदारी शिक्षिकेचीच राहिली पाहिजे.

पुढे काय?

हा प्रश्न अब्बांचा असतो आणि तो रास्त आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले. शहरांत खासगी पाळणाघरे आणि नर्सरी शाळा आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे, आणि बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुचवला आहे. महाराष्ट्रात आता अंगणवाडी मदतनीसाच्या पदासाठीही बारावी उत्तीर्ण ही अट आहे.

उर्दूभाषक वस्तीतल्या अंगणवाडीच्या भरतीत उर्दूचे ज्ञान मागितलेले दिसते, आणि त्यामागे कारण आहे. घरी उर्दू किंवा दखनी बोलणारे तीन वर्षांचे मूल पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडते तेव्हा "पाणी पाहिजे" आणि "शू लागली" एवढेही त्याला मराठीत सांगता येत नाही. ते गप्प बसते, आणि गप्प मूल "मंद" ठरते. त्याची बोली समजणारी आणि हळूहळू मराठीचा हात धरून देणारी ताई तिथे असेल, तर त्या मुलाची पुढची शाळा सोपी होते. आपल्या मुली दोन्ही भाषा सहज बोलतात. ही दौलत आहे, आणि या कामात ती उपयोगी पडते.

मोबदल्याबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. अंगणवाडीत मिळते त्याला पगार नव्हे, मानधन म्हणतात. ऑक्टोबर 2018 पासून केंद्राच्या नियमाने सेविकेला दरमहा 4,500 आणि मदतनीसाला 2,250 रुपये ठरले, त्यात राज्य आपली भर घालते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, म्हणजे हे निव्वळ सेवाभावाचे काम नाही हे मान्य झाले. तरीही मदतनीसाची जागा ही पहिली पायरी समजावी. वर बालवाडी शिक्षिका, पर्यवेक्षिका, गृहविज्ञानातली मानव विकासाची पदवी, किंवा स्वतःचे पाळणाघर अशा पायऱ्या आहेत. त्या चढायच्या तर शिक्षण थांबता कामा नये.

आणखी एक गोष्ट. हे सारे आम्ही मुलींबद्दल लिहिले, कारण आज घरातले ओझे त्यांच्यावर आहे. पण मुलग्यांनी हा विषय घेतला तर हसण्यासारखे काय आहे? उद्या तोही बाप होणार आहे. रात्री दोन वाजता जुलाबाने मलूल झालेल्या बाळासाठी ओआरएस कसे कालवायचे, हे त्याला आले तर बिघडले कुठे?

फॉर्म भरण्याआधी

कॉलेजात गेल्यावर अम्मी-अब्बांनी चार प्रश्न जरूर विचारावेत. वर्षभरात प्रत्यक्ष मुलांसोबत किती तास मिळतात, आणि कुठे? तिथे देखरेखीला कोण असते? प्रथमोपचार हाताने करून शिकवतात की फक्त पुस्तकातून? आणि हा विषय घेऊन बारावी झाल्यावर पदवीचे कोणते दरवाजे उघडे राहतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागावे.

जवळच्या कॉलेजात हा विषय नसेल, तर मोहल्ल्यातल्या शाळांच्या चालकांनी तो मागावा. नव्या इमारतीआधी त्यासाठी एक स्वच्छ खोली, एक जाणकार शिक्षिका आणि शेजारची एक चांगली चाललेली अंगणवाडी लागते. पुष्कळ वस्त्यांत या तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांची गाठ घालून देणारे कुणीतरी हवे.