कामावरची जुनी दुखापत आणि आपले 'बेसेदेर'

अश्दोदच्या बंदरात, लोदच्या कारखान्यांत, दिमोनाच्या कापडगिरणीत आपल्या पुष्कळ लोकांनी हयात घालवली. कुणाचे बोट यंत्रात गेले, कुणाची पाठ ओझ्याने गेली. त्या वेळी बितुआख लेउमीने काही टक्के दिले आणि कागद कपाटात पडला. आज तोच गुडघा रात्री झोपू देत नाही, तर आपण म्हणतो, "म्हातारपण, दुसरे काय!"

पण ठरलेले टक्के कायमचे नसतात. शेवटच्या निर्णयाला सहा महिने झाले असतील आणि त्रास वाढला असेल, तर डॉक्टरांच्या पत्रासह 'हाखमारा' म्हणजे दुखणे बळावल्याचा अर्ज करता येतो. 20 टक्क्यांच्या खाली फार तर एकरकमी पैसे मिळतात. 20 पासून दरमहा पेन्शन लागते. म्हणजे 15 वरून 20 ही पायरी लहान दिसली तरी मोठी आहे.

अडचण येते ती वयाची. वाआदा रेफुईतचे डॉक्टर हेच पाहतात की, सांधा वयाने झिजला की दुखापतीने. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात जुन्या दुखापतीशी संबंध स्पष्ट हवा. सोबत इस्पितळाचा पहिला कागद, जुने एक्स-रे आणि अलीकडच्या तपासण्या न्याव्यात.

तपासणी थोडक्यात आटपते. डॉक्टर विचारतात, "मा श्लोम्खा?" आणि आपण सवयीने, "बारुख हाशेम, हाकोल बेसेदेर!" हा आपला भिडस्तपणा तिथे नडतो, कारण बोललेले लिहून घेतले जाते. किती पायऱ्या चढता येतात, सदऱ्याची बटणे लावता येतात का, असे सांगावे. वाढवूनही सांगू नये. तुम्ही बूट कसे काढता, तेही डॉक्टर पाहतात. हिब्रूत अडखळत असाल तर मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: नव्या तपासणीत टक्के कमीही होऊ शकतात. म्हणून अर्जाआधी बितुआख लेउमीच्याच 'याद मेखावेनेत' केंद्रात कागद दाखवावेत (फोन *2496). तिथला सल्ला फुकट असतो. मी तर म्हणेन, त्याआधी कुठल्याही एजंटच्या कागदावर सही करू नका.

निकाल आला की प्रोटोकोल घरी कुणाकडून तरी वाचून घ्या. सांगितलेले त्यात नसेल तर अपील करता येते, आणि त्याची मुदत निकालाच्या पत्रातच लिहिलेली असते.