मासा हातावर का येतो?

रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात, काळ नदीच्या पात्रात वाळण कोंड नावाचा खोल डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं. भाविक पाण्यात चुरमुरे टाकतात आणि खालच्या काळोखातून महाशीर मासे झुंडीनं वर येतात. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावरही हेच दृश्य दिसतं. 'देवाचे मासे, म्हणून माणसाला भीत नाहीत,' असं दोन्हीकडे सांगितलं जातं.

यात श्रद्धेचा वाटा खरोखरच मोठा आहे. या डोहात गळ टाकायचा नाही, हा नेम श्रद्धेनंच टिकवला. पण धिटाई मात्र माशांनी शिकून मिळवलेली आहे. माणूस काठावर आला की खायला मिळतं आणि इजा होत नाही, हे मोठ्या माशांना अनुभवातून कळतं आणि लहान मासे मोठ्यांच्या मागे वर येतात. जिथे जाळी लागतात, तिथे हीच जात माणसाची चाहूल लागताच खोल जाते. घरातल्या टाकीतला मासा बोटांमधला दाणा उचलतो, तेव्हाही नेमकं हेच घडलेलं असतं. तरीही या साध्या गोष्टीभोवती गैरसमजांचं केवढं तरी जाळं आहे, आणि त्यातले काही माशांच्या जिवावर बेततात.

सगळ्यात हट्टी समज म्हणजे गोल्डफिशच्या तीन सेकंदांच्या स्मरणशक्तीचा. याला कसलाही आधार नाही. पुढे मधमाश्यांच्या नृत्यामुळे जगभर नाव झालेले आणि १९७३मध्ये नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३मध्येच एका छोट्या आंधळ्या कॅटफिशची हकीगत प्रसिद्ध केली होती. मासा मातीच्या नळीत लपून बसायचा. फॉन फ्रिश आधी शीळ घालायचे, मग खाऊ द्यायचे. काही दिवसांतच खाऊचा पत्ता नसताना, नुसती शीळ ऐकून तो नळीबाहेर येऊ लागला. त्या काळी मासे बहिरे असतात, असं मानणारे शास्त्रज्ञ होते. एका माशानं तो वाद बराचसा मिटवला.

ऑस्ट्रेलियात संशोधक कुलम ब्राउन यांनी रेनबो फिशना पुढे सरकणाऱ्या जाळ्यातल्या एका भोकातून निसटायला शिकवलं. पाच खेपांत मासे तरबेज झाले. ११ महिन्यांनी तेच जाळं पुन्हा पाण्यात सोडलं, तेव्हाही त्यांना ती वाट आठवत होती. आणखी एका प्रयोगात गोल्डफिश तरफ दाबून खाद्य मिळवायला शिकले. दिवसातल्या ठरावीक वेळीच खाद्य मिळतं, हे उमगल्यावर ते त्याच वेळेच्या सुमारास तरफेवर जास्त जोर लावू लागले. म्हणूनच हातावर खायला शिकवायचं तर रोजची वेळ आणि टाकीचा कोपरा ठरलेला असावा. मासा घड्याळ पाळतो, मालकानंही पाळलं पाहिजे.

'दोन-चार दिवस उपाशी ठेवा, आपोआप येईल' हा सल्ला दुकानांतून सर्रास मिळतो. मासे थंड रक्ताचे असल्यामुळे निरोगी, मोठा मासा काही दिवस खाण्याविना राहू शकतो, हे खरं. पण त्यातून विश्वास तयार होत नाही. एका टाकीत अनेक मासे असतील तर भुकेनं मारामाऱ्या वाढतात, दांडगा मासा हातापर्यंत पोहोचतो आणि बुजरा आणखी मागे पडतो. करायचं एवढंच, की रोजचं खाद्य आहे तितकंच ठेवायचं आणि त्यातले पहिले काही दाणे हातानं द्यायचे. गोल्डफिशला तर खरं जठरच नसतं, अन्न थेट आतड्यात जातं. त्याला थोडं थोडं खाणंच मानवतं.

याच्या उलट बाजूची चूकही तितकीच महागात पडते. मासा हाताशी आला की कौतुकानं दाणे पडत राहतात. मासा नेहमी भुकेलाच दिसतो, कारण मागितलं की मिळतं हे तो शिकलेला असतो. न खाल्लेलं खाद्य कुजतं, माशांची विष्ठा वाढते, पाण्यात अमोनिया साचतो आणि कल्ले होरपळतात. घरगुती टाक्यांमधले किती तरी मासे उपासानं नव्हे, लाडानं मरतात.

मग प्रत्यक्ष शिकवायचं कसं? घाई नको. आधी काही दिवस खाद्य देताना टाकीजवळ नुसतं शांत उभं राहायचं. मासे समोर येऊन खाऊ लागले की बोटांची टोकं पाण्याच्या पृष्ठभागाला लावून ठेवायची आणि दाणे बोटांच्या शेजारी सोडायचे. हात हलवायचा नाही, माशाच्या दिशेनं न्यायचा नाही. अंतर माशानं कापायचं. शेवटी दाणा दोन बोटांत धरायचा किंवा उघड्या तळव्यावर ठेवायचा. मासा मागे फिरला तर एक पायरी मागे यायचं. काही मासे आठवड्यात येतात, काहींना महिने लागतात.

काचेवर टकटक करून मासे बोलावणं मात्र बंद करावं. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं जातो, आणि माशाला कानांखेरीज अंगाच्या दोन्ही कडांवर पाण्याची हालचाल टिपणारी पार्श्वरेषा असते. अचानक बसलेली टकटक त्याच्यापर्यंत धक्क्यासारखी पोहोचते. फॉन फ्रिश यांची शीळ चालली, कारण ती सौम्य होती आणि दर वेळी तिच्यामागोमाग खाऊ येत होता.

'मासा मला ओळखतो' हे विधान ऐकून लोक हसतात, हसू नये. पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणाऱ्या आर्चरफिशना संशोधकांनी पडद्यावरचा एक मानवी चेहरा शिकवला. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माशांनी ४४ अनोळखी चेहऱ्यांमधून तो चेहरा बहुतेक वेळा अचूक निवडला. कोर्सिका बेटाजवळच्या समुद्रातला, २०२५मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर थेट या विषयाचाच आहे. तिथले मोकळे मासे खाऊ देणाऱ्या पाणबुड्याच्याच मागे जायला शिकले, दुसऱ्याला त्यांनी सोडून दिलं. दोघांनी सारखाच पोशाख घातला, तेव्हा मात्र त्यांचा गोंधळ उडाला. म्हणजे ओळख खरी, पण निदान या माशांच्या बाबतीत ती पोशाखाच्या खुणांवर, बहुधा रंगांवर, बेतलेली होती. तिला माया म्हणायला पुरावा नाही. मासा ओळखतो, ही गोष्ट मायेची जोड न देताही पुरेशी विलक्षण आहे.

फ्लॉवरहॉर्नच्या बाबतीत हा घोटाळा फार होतो. वास्तूला शुभ म्हणून घरोघरी आलेला हा मासा काचेबाहेरच्या बोटामागे वेड्यासारखा फिरतो आणि घरचे म्हणतात, खेळतोय. बऱ्याचदा तो आपल्या हद्दीत घुसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावत असतो. रोज असं चिडवलेला मासा टाकीत हात गेला की कडाडून चावतो.

हातावर खायला कोणताही मासा शिकतो, हेही खरं नाही. ऑस्कर, गोल्डफिश, कोई हे लवकर शिकणारे. निऑन टेट्रासारखे कळपातले चिमुकले मासे एकटे कधीच पुढे येत नाहीत; कळप मोठा आणि टाकीत झाडं भरपूर असली तरच त्यांना धीर येतो. रात्री फिरणाऱ्या प्लेकोला दुपारी बोलावण्यात अर्थ नाही. अरोवाना निसर्गात पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरचे किडे टिपतो. पाण्याच्या वर धरलेला खाऊ त्याला उडी मारायला शिकवतो आणि एखाद्या रात्री तो जमिनीवर सापडतो. पफरचे दात चोचीसारखे जुळलेले असतात आणि शिंपले फोडतात, तिथे बोटाचा काय पाड? त्याला लांब चिमट्यानंच द्यावं. लायनफिशच्या काट्यांत विष असतं, तिथेही हात नकोच.

हातावर आलेल्या माशाला लगेच कुरवाळण्याचा मोह आवरायला हवा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं संरक्षण आहे. तो खरवडला गेला की बुरशी आणि जंतूंना वाट मिळते. सर्जनफिशवरच्या २०११च्या एका अभ्यासात हलक्या स्पर्शानं त्यांचा ताण कमी झालेला आढळला, पण तो स्पर्श सफाई करणाऱ्या माशाच्या हलत्या प्रतिकृतीचा होता आणि जवळ जायचं की नाही हे मासाच ठरवत होता.

हाताबद्दलही थोडं. साबण, क्रीम, अत्तर, सॅनिटायझर यांचा अंश पाण्यात गेलेला माशांना सोसत नाही, म्हणून आधी हात साध्या पाण्यानं खळखळून धुवावेत. नंतर मात्र साबण हवाच. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा जंतू असू शकतो. बोटावरच्या साध्या खरचटण्यातून तो शिरला तर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात. हाताला जखम असेल तर त्या दिवशी चिमटा वापरावा. माशांना खाऊ म्हणून दिल्या जाणाऱ्या ब्लडवर्म अळ्या हाताळल्यानं काहींना अंगावर पित्त उठतं किंवा दमा होतो. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर, पंप, दिवा यांचे प्लग काढायचे. तडा गेलेल्या हीटरचा शॉक माणसाचाही जीव घेऊ शकतो.

एवढ्या खटाटोपाचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. रोज हातावर येणारा मासा जवळून दिसतो. कल्ल्यांची लाली, अंगावरचे मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, फाटलेला पर वेळेत लक्षात येतो. असा मासा एखाद्या दिवशी आलाच नाही, तर रुसला म्हणून जास्त किंवा चविष्ट खाद्य टाकून त्याला भुलवू नये. आधी पाणी तपासावं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर खाद्य थांबवून, क्लोरीन काढलेलं आणि तेवढ्याच तापमानाचं पाणी घेऊन टाकीतलं साधारण पाव पाणी बदलावं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावं.